हार पडला की बँड

उपेंद्रचं पत्र आलं तेव्हा दिवाळीचा चिवडा अजून डब्यात होता. त्याच्या लेकीचं, श्यामलाचं लग्न ठरलं होतं. मुलगा जर्मन, नाव मार्टिन, आणि लग्न नाशिकलाच करायचं. "ताई, तिकडून बेचाळीस पाहुणे येतील. जन्मभर आठवण काढतील असं झालं पाहिजे. सगळं तुझ्यावर," असं लिहून खाली तीन पानं भरून सूचना.

उपेंद्र माझा धाकटा भाऊ. ओझरच्या विमान कारखान्यात चार वर्षं काढून तो जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून परदेशी पाहुण्यांचं लग्न मला जमेल असा त्याचा ठाम समज. देवाचं नाव घेतलं आणि कामाला लागले. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीतला मुहूर्त होता.

काय काय केलं म्हणून सांगू! आग्रा रोडवरचं नवं हॉटेल अख्खं घेतलं. प्रत्येक खोलीत द्राक्षांची टोपली, उकळलेल्या पाण्याचा थर्मास आणि रेशमी उपरणं. पुरुषांना फेटे बांधायला पंचवटीतून माणूस ठरवला. हॉटेलच्या आचाऱ्याला कमी तिखटाचा मसालेभात तीनदा करायला लावला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, आता यात मिरचीचा फोटो तेवढा दाखवायचा राहिलाय."

उपेंद्रचा कार्यक्रम टाइप करून आला होता, मिनिटामिनिटाचा. वधूवरांनी एकमेकांना हार घातले की त्याच क्षणी बँड वाजला पाहिजे, पाहुणे कॅमेरे रोखून बसलेले असतील, असं त्यात लाल शाईने अधोरेखित केलेलं. मी बँडमास्तर फकिराला घरी बोलावून हे घोटून घेतलं.

"काय लक्षात ठेवाल?"

"हार पडला की बँड," फकिरा म्हणाला. "बाई, तीस वर्षं हेच करतोय. झोपेत बी वाजवीन."

राहिले गंगाधरकाका. आमचे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म कीर्तनात गेलेला. आमच्या घरातलं कुठलंही लग्न असो, आदल्या संध्याकाळी काकांचं कीर्तन व्हायचंच. माझ्या लग्नात झालं, उपेंद्रच्याही झालं. त्या दिवाळीत डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की गळा आता सांभाळा. काका मला म्हणाले, "इंदू, एकच कीर्तन उरलंय गळ्यात. ते श्यामलाचं."

आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं होतं, पदांच्या चाली तेवढ्या जुन्या अभंगांच्या. आक्काबाई नावाच्या गरीब विधवेच्या लेकीचं लग्न. पंगत बसते आणि वाढायलाच कुणी नाही. तेव्हा देव वाढपी होऊन येतो. दोन महिने ते ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून पदं गुणगुणत होते.

मी उपेंद्रला कळवलं. उत्तर आलं, "कीर्तन दहा मिनिटं. पाहुणे कंटाळतील. सातला जेवण."

मी त्याला लिहिलं, "बरं." आणि काकांना सांगितलं, "हवं तेवढा वेळ करा." पाप म्हणा, पण माझा हिशेब साधा होता. एकदा काका उभे राहिले की उठेल कोण? कीर्तनातून मधेच उठलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी पाचला पाहुणे हिरवळीवर आले. फकिराच्या बँडने स्वागत केलं आणि उपेंद्रच्या हुकुमानं तो कनातीमागे जाऊन बसला, फोटोत दिसू नये म्हणून. साडेसहाला काका उभे राहिले. पांढरं धोतर, डोक्याला पगडी, गळ्यात उपरणं, हातात झांज. समोर खुर्च्यांवर फेटे बांधलेले जर्मन. मी बाजूला उभी राहून दोन दोन वाक्यांत इंग्रजीतून सांगत होते.

पूर्वरंग असा रंगला की मी सांगायचं विसरले. गळा थोडा खरखरत होता, पण जागच्या जागी. पाहुणे टाळ्यांचा ठेकासुद्धा धरायला लागले. फक्त उपेंद्र घड्याळ बघत होता. दहाची पंचवीस मिनिटं झाली होती. त्याने मला दोनदा डोळ्यांनी खूण केली. मी दोन्ही वेळा आभाळाकडे पाहिलं.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर झाला. आता बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, बुवांनी घोटभर पाणी प्यायचं आणि उत्तररंगात आख्यान धरायचं. हाराचा मान मी हौसेनं मार्टिनच्या वडिलांना दिला होता. सहा फुटी माणूस. कमरेत वाकून, जपून जपून त्यांनी काकांच्या गळ्यात निशिगंधाचा हार घातला.

आणि कनातीमागून बँड कडाडला.

ढोल, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सगळं एकदम. पाहुणे आनंदाने उभे राहिले. हार झाला, बँड झाला म्हणजे कार्यक्रम झाला, त्यांना काय ठाऊक? टाळ्यांचा कडकडाट, कॅमेऱ्यांचा लखलखाट. वेटरांनी जेवणघराची दारं उघडली आणि बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या. उपेंद्र माझ्याजवळून जाताना म्हणाला, "ताई, वेळ झाला थोडा, पण शेवट झकास केलास हं!"

 काका तसेच उभे होते. गळ्यात हार, कपाळाला बुक्का.

"इंदू, संपलं का गं?"

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. दहा मिनिटं, माझं खोटं, फकिराला घोटून दिलेला पाठ. वाटलं, आता झांज खाली ठेवतील.

काका म्हणाले, "अगं, पण देव अजून आलाच नाही. आक्काबाई दारात वाट बघत उभीये. तिला तशीच ठेवून मी जेवायला कसा जाऊ?"

एवढ्यात फकिरा धावत आला, डोक्यावरची टोपी हातात. "म्हाराज, लय मोठी चूक झाली. फटीतनं नुसता हारच दिसला हो! नवरदेव कोण, बुवा कोण, कळलंच नाय."

"तुम्ही किती जण?"

"अकरा."

"पुष्कळ झाले. या, बसा."

अकरा जण लाल डगल्यांसकट गवतावर बसले, वाद्यं मांडीवर घेऊन. श्यामला मार्टिनचा हात धरून परत आली. "आत्या, आजोबा का येत नाहीत?" मी सांगितलं. "अजून आहे? मग मला उठवलं कशाला!" म्हणत ती भरजरी शालूनिशी खाली बसली. शेजारी मार्टिन, मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून.

काकांनी आख्यान धरलं. आता मी भाषांतर करत नव्हते, ते काम श्यामला मार्टिनच्या कानात करत होती. पंगत बसली, देव आला, पंचा नेसून वाढू लागला. सगळे जेवून गेल्यावर आक्काबाई त्या वाढप्याला म्हणते, बाबा, तू उपाशी राहिलास, बस, तुला मी वाढते. इथलं पद उंच सुरातलं. 'वाढता वाढता थकला हरी' म्हणून काकांनी सूर लावला आणि आवाज फुटला. पुन्हा लावला. नुसती हवा.

कुणी हललं नाही. क्लॅरिनेटवाल्या बुधाने मांडीवरचं वाद्य उचललं, फकिराकडे पाहिलं, आणि ती ओळ हलकेच वाजवली. मघाशी कडाडणारं तेच वाद्य, आता फुंकर घालावी तसं. काकांनी मान डोलावली. पुढचं पद असंच झालं. काका शब्द नुसते बोलायचे, बुधा ते क्लॅरिनेटवर गायचा.

मधेच उपेंद्र आला. "श्यामला, सगळे खोळंबलेत," म्हणेपर्यंत त्याचं लक्ष काकांकडे गेलं. काका थांबले नाहीत. उपेंद्रने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि आरती होईपर्यंत तो तसाच उभा होता.

नंतर तो मला म्हणाला, "मला खरं लिहायचंस ना, ताई."

"लिहिलं असतं तर काय उत्तर आलं असतं?"

 पुढे होऊन त्याने काकांचा दंड धरला आणि त्यांना सावकाश गाडीपर्यंत नेलं.

गाडीत बसल्यावर काकांनी मला खिडकीपाशी बोलावलं. आवाज पार बसला होता, कान जवळ न्यावा लागला.

"इंदू, पुरला गं गळा," ते म्हणाले. "अगदी आरतीपर्यंत."

त्यानंतर ते कीर्तनाला उभे राहिले नाहीत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी हळहळही केली नाही.