एका मृतामागे एकदाच

साथीच्या दिवसांत माझं काम एकच होतं, तीन देशांचे नियम एका तक्त्यात बसवायचे. आमचा देश, नदीपलीकडचा आणि डोंगराकडचा. रोज सकाळी अकराला पडद्यावर बैठक. आमच्याकडे बहात्तर तासांपर्यंतची तपासणी चालायची, पलीकडे अठ्ठेचाळीस. डोंगराकडच्या बाईंचं म्हणणं, आमच्याकडे कुणी यायलाच नको. पलीकडचे डॉक्टर तास मोजायचे ते नमुना घेतल्यापासून, आम्ही अहवाल हातात आल्यापासून. यावर नऊ दिवस काथ्याकूट झाला. तोवर माणसं पुलावर बसून होती, पण त्यांना विचारतो कोण.

एका गोष्टीवर मात्र तिघांचं लगेच जमलं, ती म्हणजे अंत्यविधी. सख्खं माणूस गेलं तर नातेवाइकाने अठ्ठेचाळीस तासांसाठी पूल ओलांडावा, विलगीकरण नाही. मृत्यूच्या दाखल्यासाठी अडवायचं नाही, कारण दाखले देणारी कार्यालयंच बंद. मी सकाळी यादी पाठवायची, तिच्यावर पूल उघडायचा. मग एक पठ्ठ्या एकाच मेलेल्या बापाच्या नावावर तीनदा येऊन गेला, दर खेपेला गाडीत टायर भरून. मला असा संताप आला की कलम मीच लिहिलं : एका मृतामागे एका नातेवाइकाला एकदाच. साहेब म्हणाले, वा. असली वाक्यं मला जमतात.

आजारी माणसाला भेटायला यायचं, तर त्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. मी दोनदा विषय काढला. डोंगराकडच्या बाईंनी विचारलं, आजारी म्हणजे किती आजारी? कुणालाच सांगता येईना, विषय पुढच्या आठवड्यावर गेला.

माझी आई तेवढी आजारी होती. साथीने नव्हे, यकृताने. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले होते. थोरली बहीण, म्हणजे ताई, नदीपलीकडे दिलेली. आमच्या गच्चीवरून तिच्या गावची पाण्याची टाकी दिसते, इतकं जवळ. दारावरची बेल वाजली की आई विचारायची, ती आली का? आलेला असायचा दूधवाला. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी सकाळी यादी करताना शेवटच्या ओळीत मी आईचं नाव घातलं. वय, पत्ता, येणाऱ्याचं नातं मुलगी. पाठवून दिलं.

पलीकडचे डॉक्टर यादी नीट वाचतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अकराला ते आडनावापाशी थांबले आणि म्हणाले, या तुमच्या कोण? मी म्हटलं, आई. झालं, तीन देश दोन मिनिटं उभे राहिले. नऊ दिवस तासांवरून भांडलेली माणसं, माना खाली घालून. डोंगराकडच्या बाईंच्या टेबलावर मांजर चढलं, तरी त्यांनी ते हाकललं नाही. मला शरम वाटायला हवी होती. मी घड्याळ बघत होते, कारण पूल दोनला उघडायचा. साहेबांनी तीन दिवसांची रजा दिली.

ताईला मी फोनवर एवढंच सांगितलं, की खास परवानगी काढली आहे, पुलावर कुणी सांत्वन केलं तर मान हलव. एकदाच येता येईल, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती विचार करत बसली असती. ताई विचार करायला लागली की आठवडा जातो, आणि आईकडे आठवडा होता की नव्हता कुणास ठाऊक. म्हणून मीच ठरवून टाकलं, जिवंत आई बरी.

ते दोन दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू. ताईने आईचे केस धुतले, उशी उंच की सखल यावरून दोघी भांडल्यासुद्धा. मी आईला खरं काय ते सांगून टाकलं, की कागदावर तू गेलीस. ती म्हणाली, "मेले तर मेले. चहा टाक, जरा कडक." मुदत संपायच्या आत ताई परत निघाली. काही झालं तर लगेच कळव, मी निघालेच समज, असं म्हणाली. मी बरं म्हटलं. तेव्हा तरी सांगायचं. पण खाली गाडी थांबली होती, तिला पिशवी सापडत नव्हती, राहून गेलं.

चार दिवसांनी, सकाळी साडेसातला, आई गेली. मला काही वाटलं नाही. खरंच नाही. पायाखालची फरशी गार आहे, एवढंच कळलं. साहेबांना काय सांगणार? रजा घेऊन झाली होती, सगळ्यांचं वाईट वाटून झालं होतं. पोट बिघडलंय, आज येत नाही, असा निरोप धाडला. मग ताईला फोन केला.

ती रडली नाही. म्हणाली, "निघते. माझं नाव यादीत घाल."

"नाही घालता येणार, ताई. आईच्या नावावर तू एकदा येऊन गेलीस. एका माणसामागे एकदाच."

"असं कोण म्हणतं?"

"मीच लिहिलंय ते."

मग म्हणाली, "म्हणजे मी आले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मला विचारायचं तरी होतंस गं."

ती चिडेल म्हणून मी थांबले. चिडली असती तर बरं झालं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं. ती फक्त म्हणाली, फोन ठेवू नकोस, तिला नेताना हातात धर, मला ऐकू येऊ दे. मी धरला. ऐकण्यासारखं तसं काही नव्हतं. जिन्यातली पावलं, गाडीचं दार, मुखपट्टीआडून बोलणारी दोन माणसं. फोन तीन तास चाळीस मिनिटं चालू राहिला. तिच्या बाजूने एकदाच आवाज आला. भावोजी तिला विचारत होते, जेवायचं नाही का, कधीपासून बसलीयेस तिथे.

ताई त्यांना म्हणाली, "थांबा जरा. मी आईकडे आलेय."