रांजणाखालचं लाकूड

मी सेलूच्या रुळाखालचा लाकडी स्लीपर बोलतोय. भ्यालोय म्हणून बोलतोय. नाहीतर अंगावरून आगगाड्या गेल्या तरी मी ब्र काढला नव्हता.

जन्मानं मी सालवृक्ष, दूरच्या जंगलातला. वाळवी लागू नये म्हणून कारखान्यात मला डांबराचं काळं तेल पाजलं, पार गाभ्यापर्यंत. जे वाळवीला मारतं ते अमृत नव्हे, एवढं माणसांना कळायला नको? पुढं रूळ बदलले, सिमेंटचे स्लीपर आले, मी भंगारात पडलो. तिथून सितारामनं मला घरी आणलं. त्याच्या आईनं, सरजाबाईनं, अंगणात दोन दगडांवर मला आडवं टाकून वर पाण्याचा रांजण बसवला.

"ह्याला कीड लागायची न्हाई," ती शेजारणींना मिरवून सांगायची. मीही फुगलो. खोटं कशाला बोलू!

इकडं पाण्याचा थेंब वाया घालवत नाहीत. रांजण पाझरतो, ते पाणी माझ्या अंगावरून निथळून खालच्या परातीत साठतं, कोंबड्या पितात. ऊन तापलं की माझं तेल सुटतं. परातीत तवंग दिसायला लागला. कोंबड्या मरायला लागल्या. सरजाबाई म्हणाली, रोग आला. रोग तिच्या रांजणाखाली आडवा पडलेला! मी जीव तोडून सांगत होतो, पण लाकडाचं ओरडणं म्हणजे नुसती करकर.

परवा सितारामची रांगती लेक, भक्ती, परातीशी आली. हात बुडवला. बोटं तोंडाकडं नेली.

"अगं ए!" तिच्या आईनं, सुकेशनीनं, झडप घालून हात धरला. बोटं हुंगली. "आत्याबाई, डांबराचा वास यायलाय. ह्या लाकडाचंच हाय हे."

"तुलाच लय नाक आलंय!" म्हणत सरजाबाईनं परात हुंगली, आणि लगेच पालथी केली. रांजण उतरवून विटांवर ठेवला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तिनं कुऱ्हाड मागितली. "वाया कशाला घालायचं? पोरीच्या अंघोळीचं पाणी तापंल. तेलाचं लाकूड, भकाभका पेटंल."

आता मी ढलप्या होऊन चुलीपाशी पडलोय. बायांनो, पाण्यात उतरलं ते विष थोडंसंच होतं. जाळलंत तर सगळं धुरात येईल, उरेल ते राखेत. त्याच राखेनं तुम्ही भांडी घासाल. भक्ती तर आत्ताच चुलीपुढं येऊन बसलीय.

सुकेशनी, कुठं गेलीस? एक ढलपी उचल, हुंग. सरजाबाई काडीपेटी शोधायलीय.