उतरायचा दगड

मले सायकल चालवता येत होती, उतरता येत नव्हतं. हासू नका. एक्कावन्नाव्या वर्षी शिकून पाहा, मंग हासा.

आमच्या तांड्यापासून खालच्या गावापर्यंत, नाल्याच्या काठाकाठानं चार किलोमीटर सिमेंटचा रस्ता झाला. पायी चालणाऱ्यायसाठी अन् सायकलीसाठीच. फटफटी घुसू नये म्हणून दोन्ही टोकांले लोखंडी खांब गाडले. गावातल्या शाळेत मी लेकरायची खिचडी शिजवते. गुडघे धरले तसा पायी जायले उशीर होऊ लागला. दोनदा झाला. हेडमास्तर म्हणाले, "सोनीबाई, आता उशीर झाला तं दुसरी बाई पाहावी लागन." माही चूल त्याच कामावर पेटते. मंग शेजारच्या वर्षानं आपली जुनी सायकल देल्ली अन् पंधरा दिवस मांगं धावून धावून शिकवलं.

पण पाय जमिनीले पुरत नव्हते. तांड्यात देवळाच्या ओट्यावरून चढायचं, शाळेत हापशीच्या ओट्यावर पाय टेकून उतरायचं. मधात थांबलं का पडलंच. म्हणून मी दुरूनच घंटी बडवत, "हटा वो, हटा!" करत जायची. कापूस वेचाले निघालेल्या बाया मले पाहून वावराच्या धुऱ्यावर, बांधावर चढायच्या.

बबनरावचं वावर रस्त्याले लागूनच हाय. सोयाबीन निघालं तसं त्यायनं अख्खा रस्ता भरून वाळू घातलं.

"हटा!" मी वरडली.

"अवो बाई, उतरा ना!" थे वरडले.

उतरते काय कप्पाळ! सायकल सोयाबीनात, मी ढिगावर.

"माह्या दाण्याचा भुगा केला!"

"रस्ता का तुमचं खळं हाय?" माह्या मस्तकात आग गेलती.

"पण उतरल्या काहून नाही?"

आता सांगावंच लागलं. "मले उतरता येत नाही."

बबनराव एवढे हासले का डोकशाचा दुपट्टा खाली पडला. मले रडू आलं. म्हटलं, "हासा, हासा. आज तिसऱ्यांदा उशीर झाला म्हणजे माहं काम गेलं."

त्यायचं हासू थांबलं. फावड्यानं सोयाबीनातून वाट काढली, सायकल धरून मले बसवलं, अन् त्या म्हाताऱ्या माणसानं मधातला चढाव संपेपर्यंत ढकलत नेलं. मी पोचली तवा लेकरायची प्रार्थना चालू होती. काम वाचलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तं सोयाबीन अर्ध्याच रस्त्यावर. कडेले गुडघाभर उंच, वरून सपाट असा काळा दगड. बाजूले बबनराव, कंबर धरून उभे.

"नाल्यातून लोटत आणला. पाय ठेवून पाहा."

ठेवला. पह्यल्यांदा मी मधात थांबली. त्यायनं गडव्यातलं पाणी देल्लं. मी अख्खा गडवा रिकामा केला बाप्पा. असं माह्यासाठी कोणं केलं होतं?

त्यायचं पाहून आमच्या तांड्यातल्या चंदाबाईनं बेलाच्या झाडापाशी दगड ठेवला, हरिसिंगनं पुलापाशी. मंग आणखी दोघायनं ठेवले. चार किलोमीटरात पाच दगड झाले. पायी चालणारे म्हातारे आता त्यावर बसून दम खातात.

संक्रांतीच्या टायमाले दारव्ह्याचा सायकलवाला चाक पाहता पाहता म्हणाला, "काकू, सीट एवढी वर काहून ठेवली?" पान्हा लावला, दोन मिनिटांत खाली केली. पाय टेकले! मी वर्षाकडं पाह्यलं, वर्षानं माह्याकडं. दोघींलेबी सुचलं नव्हतं.

आता मी पाह्यजे तिथं थांबते. पण गरज सरो अन् वैद्य मरो, असं माह्यानं होत नाही. बबनरावच्या दगडावर रोज पाय टेकते.

परवा त्यायनं इचारलंच, "आता तं पाय पुरतात. मंग इथं कायले उतरता?"

म्हटलं, "तुमची कंबर कशी हाय, थे इचारायले."