चौदावा परिच्छेद

केयूरला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे त्याचं अक्षर, आणि ते हल्ली कोणी पाहत नसे. दुसरी म्हणजे सहा वर्षांत तो एकदाही विळीवर बसला नव्हता.

हे विळीचं प्रकरण आधी सांगायला हवं. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवर, मार्तंड सरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी दर दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला कायद्याची माणसं जमतात. सर्वोच्च न्यायालयाचा एखादा ताजा निकाल घ्यायचा आणि त्याची चिरफाड करायची, एवढाच कार्यक्रम. सर निवृत्त प्राध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांचा नियम एकच: वकिलाचं म्हणणं कोर्टाच्या तोंडी घालायचं नाही. निकालपत्रात आधी पानंच्या पानं दोन्ही बाजूंचे युक्तिवाद उतरवलेले असतात, आणि मग कुठे न्यायमूर्ती स्वतः बोलायला लागतात. उतावळा वाचक मधलंच एक वाक्य उचलतो आणि 'कोर्ट म्हणालं' म्हणून मिरवतो. असं जो करील त्याने तिथून उठायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि सरांच्या पत्नीच्या, शुभाकाकूंच्या, विळीवर एक नारळ खवून द्यायचा.

काकूंचा रविवारचा अर्धा स्वयंपाक या चुकांवर चालतो. कोणीच चुकलं नाही तर काकू दारात येऊन विचारतात, "आज सगळे अभ्यास करून आलात वाटतं?" आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख असतं.

केयूर घाटकोपरच्या एका लॉ कॉलेजात राज्यघटना शिकवायचा. दुसऱ्याची चूक पकडून त्याला विळीवर धाडण्यात त्याचा हातखंडा होता. बोरिवलीहून दोन बस बदलून येणाऱ्या, करारांचा कायदा शिकवणाऱ्या शर्मिष्ठाला त्याने चार वेळा पाठवलं होतं. चौथ्या वेळी ती नाकाच्या शेंड्यावर खोबऱ्याचा कीस घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "परिच्छेद बावीस. तू बरोबर होतास. नालायक!" त्या क्षणापासून केयूरचं काही खरं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी, बैठक संपल्यावर, सोसायटीच्या फाटकासमोरच्या रसवंतीत त्याने तिला सरळ विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" शर्मिष्ठाने उसाच्या रसाचा अख्खा ग्लास शांतपणे संपवला, ओठ पुसले आणि सांगितलं, "निकाल राखून ठेवते. पंधरा दिवसांत लेखी देईन."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. केयूर आणखीनच पागल झाला. पुढच्या पंधरा दिवसांत त्याने एकाच वर्गाला एकच धडा तीनदा शिकवला आणि पोरांनी हूं की चूं केलं नाही. मध्येच बंगळुरूच्या एका विद्यापीठाकडून नोकरीचं बोलावणं आलं, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ते त्याने तसंच ठेवून दिलं. आधी निकाल, मग बाकीचं जग.

निकाल मेलने फोनवर आला तो बैठकीच्याच दिवशी, घाटकोपरहून मुलुंडला जाणाऱ्या रिक्षात बसल्या बसल्या. अकरा पानं. वर ठळक अक्षरांत, 'केयूर विरुद्ध शर्मिष्ठा'. केयूरला हसू फुटलं. पहिल्या दोन पानांत वस्तुस्थिती होती, अगदी रसाच्या ग्लासासकट. तिसऱ्या पानाशी रिक्षाने हायवेवर असा काही खड्डा घेतला की अंगठा घसरला आणि पान कुठल्या कुठे गेलं. पुढे दिसलं ते असं: अर्जदार प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं उशिरा पोचतो. अर्जदार समोरच्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करतो, आणि चुकीचं पूर्ण करतो. एका घरात दोन कायदेपंडित राहिले तर आमटीत मीठ कमी का, यावरही तळटीपा निघतील. आणि मग चौदावा परिच्छेद, एका ओळीचा: सबब हा अर्ज फेटाळण्यास पात्र आहे.

केयूरने फोन बंद केला. विक्रोळी, कांजूर, भांडुप सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्याला काहीच दिसलं नाही. ऐरोलीच्या सिग्नलला त्याने फोन उघडला तो फक्त बंगळुरूला मेल लिहायला. 'मला हे पद मान्य आहे.' पाठवायचं बटण तेवढं बैठकीनंतर दाबायचं ठरवलं. बैठक चुकवणं त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि आजचा निकाल त्यालाच मांडायचा होता.

वर पोचला तर शर्मिष्ठा आधीच आलेली. मोरपंखी कुर्ता, केसांत चक्क अबोलीचा गजरा. केयूरकडे बघून ती इतकी छान हसली की त्याला राग आला. फाशी देऊन वर पेढे वाटावेत, तसं ते हसू त्याला वाटलं.

"मेल मिळाला?" तिने हळूच विचारलं.

"मिळाला. वाचला. आदर आहे."

"आदर?" शर्मिष्ठाचं हसू जागच्या जागी थिजलं. "बस? एवढंच?"

तेवढ्यात गुणाजीकाका धापा टाकत आले. गिरणी कामगाराचा मुलगा, चाळीस वर्षं कामगार न्यायालयात वकिली केलेला माणूस. गावाहून येताना पिशवीभर नारळ आणायचे, हा त्यांचा शिरस्ता. पिशवी स्वयंपाकघरात ठेवून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, सुरू करा. आज कोणाक तरी आडाळ्यार बसवूचाच." विळीला त्यांच्या मालवणीत आडाळो म्हणतात, हे आता नवघर रोडवर सगळ्यांना पाठ होतं.

केयूरने निकाल मांडला. एका जुन्या इमारतीच्या रीडेव्हलपमेंटचा खटला होता. चाळीस घरांनी सह्या केल्या होत्या, एकट्या एका बाईने केली नव्हती. दोन न्यायमूर्ती म्हणाले, बहुमत झालं, बाईंनी घर रिकामं करावं. तिसरे म्हणाले, बाईंचं म्हणणं अजून नीट ऐकलंच गेलेलं नाही. एरवी केयूर असे विषय दोन्ही बाजूंनी तोलून मांडायचा. आज त्याचा तराजूच हरवला होता.

"नाही म्हणजे नाही!" तो अचानक कडाडला. "कारणं कशाला विचारायची? कुणाला नकार द्यायचाय तर देऊ दे ना सुखाने! आपण गुमान उठावं आणि चालू पडावं!"

"बरोबर बोललंस, झिला!" गुणाजीकाका बाईंच्या बाजूचे होते, ते खूश झाले.

"पण बाईने नकार दिला हे ठरवलं कोणी?" शर्मिष्ठा पुढे सरकली. "सही केली नाही, एवढंच रेकॉर्डवर आहे. तिने अटी लिहून दिल्या होत्या. त्या शेवटपर्यंत कोणी वाचल्याच नाहीत."

"काही लोक वाचतात," केयूर म्हणाला. "परिच्छेदागणिक वाचतात."

"मग वाचणाऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का झालंय?"

मार्तंड सरांनी चष्मा कपाळावर चढवला. पन्नास वर्षं कायदा शिकवलेल्या माणसाला एवढं कळतं की हे दोघं भांडतायत ते त्या बाईच्या घरावरून नाही. काकू दारात डोकावल्या. "चुकलं का कोणी? काळे वाटाणे शिजलेत माझे."

"अजून नाही," सर म्हणाले.

साडेदहाला चर्चा आटोपली आणि पुढच्या बैठकीची तारीख निघाली. तेव्हा केयूर उभा राहिला. "सर, मी नसेन. बंगळुरूला चाललोय, कायमचा. इथे माझा एक अर्ज होता, तो फेटाळला गेला. पूर्ण आदर राखून सांगतो, निकाल स्वच्छ आहे. मी अपील करणार नाही." एवढं बोलून त्याने खिशातून फोन काढला आणि मेल उघडला. अंगठा बटणावर गेला.

शर्मिष्ठाच्या हातातला कप बशीवर वाजला. "फेटाळला? कुठे म्हटलंय तसं?"

"तुलाच माहीत."

"थांब," सर गरजले. "या घरात निकालाचा हवाला द्यायचा तर परिच्छेद सांगावा लागतो. परिच्छेद?"

सहा वर्षांची सवय. केयूरचा अंगठा थांबला आणि जीभ चालली. "परिच्छेद चौदा. 'सबब हा अर्ज फेटाळण्यास पात्र आहे.'"

शर्मिष्ठाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे गदगदा हलायला लागले. गुणाजीकाकांना वाटलं पोर रडतेय, ते पाण्याचा तांब्या घेऊन धावले. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "आठ ते चौदा हे परिच्छेद 'प्रतिवादीतर्फे युक्तिवाद' या मथळ्याखाली आहेत. माझ्या डोक्यातल्या वकिलाने केलेले. न्यायालय पंधरापासून बोलतं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"आडाळो!" गुणाजीकाकांनी आरोळी ठोकली. "मेल्या, सहा वर्षांनी गावलंस! आडाळो!"

केयूरच्या कानात नगारे वाजत होते. पंधरा! म्हणजे अजून सगळं बाकी आहे! त्याने बंगळुरूचा मेल झटकन बाजूला सारला आणि निकाल उघडायला गेला, तोच सरांचा हात फोनवर पडला. "आधी नारळ."

"सर, प्लीज! फक्त शेवटचं पान!"

"तुझं फक्त मधलं पान वाचून झालंय, ते पुरे. नियम म्हणजे नियम."

काकूंनी विळी मांडलीच होती, शेजारी फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या. अख्खं मंडळ स्वयंपाकघराच्या दारात गोळा झालं. केयूर मांडी घालून बसला आणि असा खवायला लागला की कीस भांड्यात कमी आणि भिंतीवर जास्त. शर्मिष्ठा समोरच्या स्टुलावर बसली, त्याचा फोन मांडीवर धरून.

"पंधरामध्ये काय आहे गं?"

"नारळ."

"निदान सूर कसा आहे तेवढं सांग यार!"

"नारळ!"

सर दाराच्या चौकटीला टेकले. "गंमत बघ केयूर. इतरांच्या खटल्यात ही चूक तू झोपेतही केली नसतीस. माणसाला स्वतःविरुद्धचा युक्तिवाद फार लवकर पटतो रे. कोर्टाला इतक्या लवकर पटत नाही."

केयूरने मान खाली घातली आणि उरलेली वाटी साफ केली. मग हात तसेच खोबऱ्याने माखलेले घेऊन म्हणाला, "वाच."

शर्मिष्ठाने घसा साफ केला. "परिच्छेद पंधरा. प्रतिवादीचा युक्तिवाद विद्वत्तापूर्ण आहे, पण तो या न्यायालयास मान्य नाही. सोळा. अर्जदार वीस मिनिटं उशिरा येतो हे सिद्ध झालं आहे. मात्र त्या वीस मिनिटांत न्यायालयाचं दुसऱ्या कशातच लक्ष लागत नाही, हेही सिद्ध झालं आहे."

"वा!" काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

"पुढचं सगळं मी घरी वाचीन, पाठ करीन," केयूर म्हणाला. "आदेश वाच, आदेश!"

"आदेश." ती थांबली. त्याच्याकडे बघितलं. "अर्ज मंजूर."

गुणाजीकाकांनी तांब्यावरच ठेका धरला. सर हात वर करून ओरडले, "शांतता! आदेश संपला असं कोणी सांगितलं? पान उलट!"

शर्मिष्ठाने पान सरकवलं. "एका अटीवर. अर्जदाराने या न्यायालयास चार वेळा विळीवर बसवलं आहे. सबब अर्जदाराने चार नारळ खवून द्यावेत. चौथा नारळ पूर्ण होताच हा आदेश लागू होईल. तोवर अर्जदार हा केवळ अर्जदार राहील."

सगळ्यांनी एकदमच केयूरकडे बघितलं. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर खोबऱ्याचा कीस होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. शर्मिष्ठाला होता, पण तिने सांगितलं नाही.

"चार नारळ!" काकू आधीच रव्याचा डबा काढायला वळल्या. "मग आज करंज्याच होऊन जाऊ देत."

केयूरने रिकामी करवंटी बाजूला ठेवली, मांडी नीट घातली, आणि हात पुढे केला.

"गुणाजीकाका," तो म्हणाला, "पिशवी इकडे सरकवा. एक झाला, अजून तीन राहिलेत."