तराफ्यावरचे भागुजी

पारूबाईंनी चित्रावरची चादर ओढली आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. पारूबाई गप्प झाल्या, असं लोणी गावात फार क्वचित घडलं होतं.

दुपारी त्यांच्या नुकत्याच वारलेल्या नवऱ्याचं, भागुजींचं, पुण्यानुमोदन होतं. मांडव पडला होता, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या मांडल्या होत्या आणि फुलं वाहायला फोटोच नव्हता. भागुजी जन्मात कधी फोटोला उभे राहिले नाहीत. मतदान कार्डावर होते, पण तिथं नुसता काळा डाग. म्हणून पुण्यात चित्रकला शिकणाऱ्या नातवाला, प्रबुद्धला, निरोप गेला होता: आजोबांचं चित्र काढून आण.

त्यानं आणलं ते भिंतभर होतं. खवळलेला समुद्र, त्यात मोडक्या लाकडांचा तराफा, तराफ्यावर उघडीनागडी माणसं. काही मेलेली, काही मरायला टेकलेली.

“म्या एक नवरा मागितला,” वाचा परत येताच पारूबाई कडाडल्या, “तू आख्खं गाव मारून आणलंस व्हय रं?”

“आजी, हे परदेशातलं लई जुनं चित्र आहे. जहाज बुडून उरलेली माणसं. मी नक्कल केली, फक्त इथं आजोबांचा चेहरा घातला.”

डाव्या कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. मांडीवर मेलेलं पोर, बाकी सगळ्यांकडं पाठ. चेहरा भागुजींचाच, त्यात खोट नव्हती. तरी पारूबाईंना तो ओळखीचा वाटेना.

“ह्यो असा कवा बसला? ह्यो बसणारा माणूसच नव्हता.”

प्रबुद्ध हळूच म्हणाला, “बाबा गेले तेव्हा.”

त्याचा बाप राकेश, पारूबाईंचा एकुलता लेक, बंधाऱ्यात बुडाला त्या दिवशी पारूबाई शेळ्या घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेल्या होत्या. सात वर्षांचा प्रबुद्ध मात्र काठावर होता.

“लोक हाका मारत होते, पण आजोबांनी मान वर केली नाही. बाबांना मांडीवर घेऊन नुसते बसून.”

“काय बी सांगतोस! बाजारातनं परत येताना टेम्पोतनं मला दिसला की. बांधावर उभा राहून सदरा हलवत व्हता. आस्सा!” त्यांनी तराफ्याच्या टोकाला बोट ठेवलं. तिथं एक जण उंच चढून दूरच्या जहाजाला फडकं हलवत होता. “ह्यो हाय माझा माणूस.”

“पण तो पाठमोरा आहे, आजी. त्याचं तोंडच दिसत नाही.”

“मला तरी लांबनं कुठं तोंड दिसलं व्हतं?”

असं म्हटलं खरं, पण त्यांची नजर पुन्हा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडं गेली. इतकी वर्षं एका घरात काढली. हा माणूस असा बसला होता, हे त्यानं एकदाही सांगितलं नाही. आणि आपण तरी कुठं विचारलं?

दुपारी मंडळी जमली. शेजारचे गेणभाऊ ओंजळीत फुलं घेऊन चित्रापुढं उभे राहिले आणि गोंधळले.

“वहिनी, यातला आमचा भागुजी कंचा?”

पारूबाईंचा हात म्हाताऱ्याकडं गेला, तिथून फडकंवाल्याकडं वळला आणि मधेच थांबला.

“दोनी.”

“एका चित्रात एकच माणूस दोनदा?”

“एका दिवसात व्हता की दोनदा! वाहा फुलं, गेणभाऊ, मागं माणसं खोळंबल्यात.”

गेणभाऊंनी निम्मी फुलं इकडं वाहिली, निम्मी तिकडं. सगळ्यांच्या शेवटी पारूबाई पुढं झाल्या. हातात एकच फूल. त्या हलत्या फडक्याकडं बघतच राहिल्या. सदरा हलवून तो काय सांगत होता? लवकर ये म्हणत होता, का इतक्यात येऊ नको म्हणत होता?

फूल हातातच राहिलं.