पुतळ्याच्या छातीत

जगात न्याय उशिरा का होईना, होतोच. त्या दिवशी तो सकाळी साडेनऊला व्हायचा होता. साहेब दहाला आले.

तोवर तंत्रज्ञ बाईंनी टेबलावरच्या रबरी पुतळ्याच्या संगणकात सोळा नंबरच्या रुग्णाची केस भरली होती आणि आपली खुर्ची अशी सरकवली होती की पडद्याऐवजी साहेबांचा चेहरा दिसावा.

नवा नियम होता. हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, मग केस कितीही पिकलेले असोत, पुतळ्यावर परीक्षा द्यायची. कुणाला कुठली केस द्यायची, ते बाई ठरवत. सोळावी त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः तयार केली होती, वडिलांच्या जुन्या फाइलवरून.

नऊ वर्षांपूर्वी वडिलांना धाप लागली, तेव्हा याच साहेबांनी छातीच्या डाव्या बाजूला यंत्र टेकवलं, दोन मिनिटांत उचललं आणि म्हणाले, "गॅस आहे." हृदयाभोवती पाणी साठत होतं. बरगडीखालून पाहिलं असतं तर दिसलं असतं. वडील दुसऱ्या दिवशी गेले. बाई हे काम शिकल्या त्यानंतर.

"जेल कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"याला लागत नाही, साहेब."

"वा. आमचे पेशंट उगाच लाडावलेत."

भिंतीशी उभे असलेले चार शिकाऊ डॉक्टर कर्तव्य म्हणून हसले.

साहेबांनी यंत्र टेकवलं. डावीकडे. जरा वर, जरा खाली, पुन्हा तिथंच. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं.

"हृदय ठणठणीत आहे. पोटात गॅस असणार."

"आणखी कुठून बघायचंय?" हे एकदा विचारायचं असा नियम होता. बाईंनी ते शक्य तितक्या हळू विचारलं.

"बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून करतोय हे."

बाईंनी उत्तर नोंदवायचं बटण दाबलं. पुतळ्याची नाडी मंदावत गेली, पडद्यावरची रेघ सपाट झाली, आणि अक्षरं उमटली: रुग्ण दगावला. शिकाऊ डॉक्टर आपापल्या बुटांचं निरीक्षण करू लागले.

आता साहेब विचारणार होते, ही केस कुणाची. उत्तर नऊ वर्षं पाठ होतं. बाईंनी टेबलाची कड धरली.

"मशीन जुनं दिसतंय," साहेब म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी खालची ओळ वाचली: पुन्हा प्रयत्न करा. आणि केला.

पुतळ्याचं हृदय मुकाट पुन्हा धडधडू लागलं. या खेपेला साहेब थेट बरगडीखाली गेले. चाळीस सेकंद लागले.

"हे बघा पाणी. आत्ताच्या आत्ता सुईनं काढायचं. उद्यावर टाकलं की पेशंट गेला."

शिकाऊंनी ते वहीत उतरवून घेतलं.

"केस छान आहे हं," साहेब रुमालाला हात पुसत म्हणाले. हाताला काहीच लागलेलं नव्हतं. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

प्रमाणपत्र छापून आलं. उत्तीर्ण. कितव्या प्रयत्नात, याला रकाना नव्हता. खाली तंत्रज्ञाच्या सहीची जागा होती; बाईंनी सही केली.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.