लिमरिकचा दहावा

"सांगून टाक ना एकदाचं! चोरी केलीयस का कुणाची?" पद्मिनीबाई रोहेकर लेकावर करवादल्या. पनवेलहून आयर्लंडमधल्या लिमरिकला येऊन आठवडा झाला होता, आणि रोज याच विषयावरून मायलेकांची जुंपत होती.

सिद्धांत इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. आपण ज्यू आहोत, कोकणातले बेने इस्राएल, हे त्याने दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"लोक मला हॅपी दिवाळी म्हणतात, मी थँक्यू म्हणतो. ग्रँड चाललंय, आई. मोठ्या काकांना इस्राएलात काय ऐकावं लागलं, विसरलीस? लग्न करायचंय, तर आधी खरे ज्यू असल्याचं दाखवा म्हणे! ते मला नको."

यावर बाईंनी करंज्या तळायला घेतल्या.

करंज्या समोरच्या मॉरिस कॅपलानसाठी होत्या. हा म्हातारा ज्यू असल्याचं अख्ख्या गल्लीला ठाऊक. एकशेवीस वर्षांपूर्वी याच गावात ज्यूंशी व्यवहार तोडा, असं चर्चमधून सांगितलं गेलं. गिऱ्हाइकं तुटली, दगड पडले, आणि मॉरिसचे आजोबा बिऱ्हाड उचलून कॉर्कला गेले. नातू मात्र ऐंशीव्या वर्षी हट्टाने इथे राहायला आला. वडिलांच्या स्मृतिदिनाची प्रार्थना एकदा तरी या गावात म्हणायची, एवढीच त्याची इच्छा. पण तिला दहा ज्यू पुरुष हवेत, एकही कमी चालत नाही. आज कॉर्क-डब्लिनहून माणसं येणार होती.

बाई ताट घेऊन गेल्या, तर दार उघडं आणि आत सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

"दहावा तापाने आडवा झालाय," मॉरिस म्हणाला. "राहिलं आता."

आत पाऊल टाकताना बाईंचा हात सवयीने चौकटीवरच्या मेझुझाला लागला, पवित्र वचन ठेवलेल्या त्या छोट्या डबीला, आणि बोटं ओठांना टेकली. खोलीतले नऊच्या नऊ पुरुष बघतच राहिले.

"वन मिनिट!" बाई म्हणाल्या, आणि समोरच्या घरातून लेकाला दंडाला धरून घेऊन आल्या.

डब्लिनच्या एका गृहस्थांनी घसा साफ केला. "माफ करा, डॉक्टर. पण काही कागदपत्र? पुरावा?"

सिद्धांतचा चेहरा पडला. तो दाराकडे वळला.

"थांब! सांग त्यांना," बाई कडाडल्या. "जहाज फुटून आपली माणसं कोकणच्या किनाऱ्याला लागली. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. तेलाचे घाणे चालवून पोट भरलं. पण शनिवारी, विश्रांतीच्या पवित्र दिवशी, कधी बैल जुंपला नाही! गाव शनवार तेली म्हणायचं आपल्याला!"

सिद्धांतने अडखळत इंग्रजीत सांगितलं. मॉरिस डोळ्यांतून पाणी येईतो हसला.

"अरे, मी तर शनिवारची रग्बी सोडत नाही! पुरावा मागायचाच तर आधी माझा मागा." मग तो गंभीर झाला. "माझ्या आजोबांना या गावाने घालवलं. माझ्या दारातून आज कुणी परत जाणार नाही." त्याने स्वतःच्या हाताने सिद्धांतच्या डोक्यावर टोपी ठेवली.

प्रार्थना झाली. वडिलांचं नाव घेताना म्हाताऱ्याचा आवाज कातर झाला, तेव्हा सगळ्यांत मोठं आमेन सिद्धांतचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या बाई खुशाल रडल्या.

करंज्या संपल्या तरी सिद्धांत घुटमळत होता. शेवटी त्याने मॉरिसचा हात धरला.

"माझ्या बाबांचा स्मृतिदिन मार्चमध्ये येतो," तो म्हणाला. "मला नऊ जण लागतील."